अडीच फुटी रुळांकाठचे साडू

माझ्या थोरल्या साडूंइतके धक्के मला दुसऱ्या कुणीही दिले नाहीत, आणि एकदाही त्यांनी त्यासाठी आवाज चढवला नाही. ते कुवेतला तेलशुद्धीकरण कारखान्यात इंजिनियर होते. म्हणजे ज्या देशात आगगाडीच नाही तिथे आयुष्य काढलं आणि आगगाडीशिवाय दुसरं काही बोलले नाहीत. त्यातही इंजिनं, डबे यांच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. व्हिक्टोरिया राणीच्या काळात अडीच फुटी रुळांकाठी ज्या चिमुकल्या स्टेशनांच्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांवर त्यांचा जीव. त्यांच्या गावच्या तशाच एका स्टेशनात त्यांचे वडील मास्तर होते. “मोठी स्टेशनं राणीला दाखवायला बांधली, साडूबुवा,” ते म्हणत, “लहान बांधली ती माणसांना बसायला.”

इथे कुवेतमध्येच, हवल्लीत एका बारशाला बायका पाळणा म्हणणार, तेवढ्यात त्यांनी वर पाहिलं आणि यजमानांना शांतपणे विचारलं, “हे छत खोटं आहे ना?” यजमानांचा चेहरा उतरला. “बाबा, इट्स जस्ट जिप्सम,” साडूंची मुलगी पुटपुटली. जुन्या भिंतींना सिमेंट फासणाऱ्यांना तर त्यांच्याकडे क्षमाच नव्हती. “चुन्याच्या भिंतीला सिमेंट म्हणजे म्हाताऱ्याला टेरिकॉटचा शर्ट. घाम जाणार कुठे?”

फिंतासच्या त्यांच्या घरात सोफा नव्हता. भिंतीला लागून लांबलचक सागवानी बाक होता. पाहुण्यांनी त्यावर ओळीनं बसायचं, समोरच्या भिंतीवरचा वडिलांच्या स्टेशनाचा फोटो बघायचा, आणि एक टोक मोकळं सोडायचं. एकदा मी जरा ऐसपैस बसलो, तर म्हणाले, “सरका. गाडी चुकलेला कुणी आला तर?” पाचव्या मजल्यावर!

गावची ती गाडी केव्हाच बंद पडली होती. स्टेशन तेवढं पाडू नये, होतं तसं राहावं, म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं इथून अर्ज केले आणि दर सुट्टीत गावी जाऊन साहेबांना चुन्याचं महत्त्व सांगितलं. या उन्हाळ्यात एका शुक्रवारी आम्ही त्यांच्याकडे जेवत असताना गावाहून मोबाइलवर फोटो आला. स्टेशन वाचलं होतं. आणि गुलाबी झालं होतं. चुन्यावर सिमेंट, सिमेंटवर ऑइलपेंट, खिडक्यांना ॲल्युमिनियम, कोरीव लाकडी झालरीच्या जागी प्लास्टिकचे पत्रे. आम्ही सगळे गार पडलो. माझ्या बायकोनं त्यांच्यासमोरचा काचेचा ग्लास हळूच बाजूला घेतला.

त्यांनी फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला.

“व्हरांड्यात एक म्हातारी बसलीय,” ते म्हणाले.

“पण गाडी कुठाय आता?” मी बोलून गेलो.

“गाडी नाही. सावली आहे ना.”

मग त्यांनी ताक मागितलं. त्यांच्या संतापाची माझी तयारी होती. त्या ताकानं मी हादरलो.

मागच्या महिन्यात एका सकाळी ते उठलेच नाहीत. आदल्या संध्याकाळी माझ्याशी फोनवर चांगले बोलले होते. मला अजून ते खरं वाटत नाही. भेटायला हवल्लीहून, बनेद अल-गारहून माणसं आली आणि बाकावर ओळीनं बसली. समोरच्या भिंतीवर आता गुलाबी स्टेशन होतं. जुना फोटो उतरवून बाबांनीच हा लावला, असं मुलगी म्हणाली. हॉल भरला, उशिरा आलेले दाराशी उभे राहिले. तरी बाकाचं एक टोक मोकळंच होतं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.