गोऱ्या रंगाची ट्यूब

माझं माहेर पिंपळवंडीचं, सासर पेठचं. दोन्हीकडे ऊन सारखंच, आणि सुनेच्या रंगावरून नाकं मुरडणंही सारखंच. माझ्या रंगावर सासूबाईंनी कधीच पाणी सोडलं होतं. धाकटी जाऊ नवी होती, म्हणून तिच्या तोंडाकडे बघून रोज सुस्कारे.

दिवाळीनंतर हवा कोरडी पडली, गाल उलायला लागले, तेव्हा मंचरहून एक बाई दारोदार फिरत आली. तोंड पिठाच्या गिरणीतून काढल्यासारखं, मान मूळच्या रंगाची. "प्रत्येक सीझनला स्किनची वेगळी काळजी घ्यावी लागते," म्हणत तिनं एक ट्यूब काढली. आत काय आहे, याचा वरती पत्ता नव्हता. मी म्हटलं, "आमी थंडीत खोबरेल लावतो." ती नुसती हसली. त्या हसण्यात मी किती अडाणी, ते सगळं आलं.

जावेनं ट्यूब घेतली. महिन्या-दोन महिन्यांत ती खरंच गोरी दिसायला लागली. सासूबाई आल्यागेल्याला सांगत सुटल्या, "आमची सून लई उजळली." भिंतीला चुना मारून घेतल्याचा आनंद असावा तसा.

मग ऊन तापलं आणि कांदा काढणीला आला. वावरात बसून जावेचं तोंड लालबुंद झालं. कातडी सोलपटली, गालावर लव उगवली. ट्यूब बंद केली की आग व्हायची, म्हणून ती पुन्हा तीच लावायची.

"ताई, पानी लागलं तरी चरचरतंय वो," ती रडायला लागली.

मी तिला नारायणगावला त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी चेहरा बघितला, ट्यूब बघितली. "यात स्टेरॉइड असणार. त्यानं कातडी पातळ होते. मी सांगते तसं हे सोडायचं, मध्ये थोडा त्रास होईल. उन्हात जाताना सनस्क्रीन आणि सुती ओढणी. थंडीत साधं मॉइश्चरायझर. गोरं करणारं काहीही नको."

घरी सासूबाईंनी निकाल दिला, "डाक्टरनीनं पोरीचा रंग घालवला."

पावसाळ्यात ती बाई पुन्हा आली. आता पावसाळ्याची ट्यूब! शेजारणी जमल्या. जावेनं ओढणी बाजूला केली.

"ही तुमची थंडीतली काळजी. नीट बघा."

"तुमची स्किनच सेन्सिटिव्ह असेल."

"असंल. तुमी सोता हीच लावता का?"

बाई अडखळली. "मी... माझी वेगळी आहे."

एका शेजारणीनं हातात घेतलेली ट्यूब बाईच्या पिशवीत परत टाकली. बाई पुढच्या आळीला न जाता थेट एसटीच्या थांब्याकडे गेली.

जावेचा चेहरा निवळायला बरेच महिने लागले. एक डाग राहिलाच. पुढं तिला मुलगी झाली. बारशाच्या आधीच सासूबाई वाटीत साय-हळद कालवून आल्या. "आत्तापास्नं चोळली की उजळंल."

जावेनं त्यांच्या हातातून वाटी घेतली, गोठ्यात गेली आणि म्हशीपुढं ठेवली.

"हिला आधी उजळू द्या, आत्या," ती म्हणाली.

सासूबाई दोन दिवस आम्हा दोघींशी बोलल्या नाहीत. फार निवांत गेले ते दिवस.