हंसाबेन आणि खारं धुकं

हंसाबेन ड्युटीवर आल्या की आधी स्कूटरच्या आरशावर बोट फिरवायच्या आणि ते जिभेला लावायच्या. मग हेल्मेट काढायच्या. आमच्या कन्व्हर्टर केंद्रात मी नवी होते तेव्हा मला हे विचित्र वाटलं. मी विचारलं, तर म्हणाल्या, "झाईहून इथवर वाऱ्याने किती मीठ आणलं, ते कळतं. आरशावर बसतं ते आपल्या इन्सुलेटरवरही बसतं."

हंसा माच्छी हे त्यांचं नाव. गुजरातच्या हद्दीला टेकलेल्या झाईतल्या मासेमार घरातली ही मुलगी वीज अभियंता झाली आणि तलासरीजवळच्या आमच्या केंद्रात शिफ्टची प्रमुख झाली. तिकडे बायकांना ताईपेक्षा बेनच जास्त म्हणतात, म्हणून साहेबांपासून वॉचमनपर्यंत सगळ्यांच्या त्या हंसाबेन. मी डहाणूच्या रेल्वे वसाहतीत वाढलेली. समुद्र माझ्यासाठी रविवारी संध्याकाळी फिरायला जायची जागा होती. तो कामातही हिशेबात धरायचा असतो, हे मला त्यांनी शिकवलं.

आमच्या केंद्राचं काम सांगायला सोपं आहे. लांबून येणारी वीज एकाच दिशेने वाहत येते, कारण तशी आणली तर वाटेत कमी वाया जाते. घराघरांत मात्र सतत दिशा बदलणारी वीज लागते. हा बदल एका उंच, बंद हॉलमध्ये होतो. तिथे छतापासून थायरिस्टरचे, म्हणजे विजेच्या झडपांचे, मनोरे टांगलेले असतात आणि ते ठरल्या क्रमाने विजेला वाट देतात. चालू असताना त्या हॉलमध्ये माणसाने पाऊल टाकायचं नाही. आम्ही बाहेर कंट्रोल रूममध्ये पडद्यांसमोर बसतो. नव्या माणसाला हंसाबेनचं पहिलं सांगणं असे, "अलार्म वाजला की आधी हात मागे. वाचून संपलं की मग पुढे." आणि कोणी बटणांशी घाई करायला लागला की, "आधी भरती बघ, मग होडी सोड."

एका हिवाळ्यातली सकाळ मी विसरणार नाही. पाऊस जाऊन महिने लोटले होते. पावसाने धुतलं नाही तर तारांना आधार देऊन वीज अडवणाऱ्या इन्सुलेटरवर मीठ आणि धूळ साचत जाते, आणि एका दिशेच्या विजेवर ती जरा जास्तच ओढली जाते. कोरडी असेपर्यंत निभतं; ओली झाली की वीज तिच्यावरून वाट काढते. त्या दिवशी खाडीकडून धुकं आलं आणि यार्डातले खांबही दिसेनात. हंसाबेन आत आल्या त्या तोंड वाकडं करूनच. "आज फार खारट आहे," एवढंच म्हणाल्या.

नेमका त्याच वेळी मुंबईकडचा एक मोठा वीजसंच बंद पडला होता आणि आमच्याकडून पूर्ण क्षमतेने वीज मागितली जात होती. हंसाबेननी मात्र व्होल्टेज ऐंशी टक्क्यांवर आणायला सांगितलं. थोड्या वेळात मुंबईहून वरिष्ठांचा फोन आला. शहर वीज मागतंय आणि तुम्ही कमी करताय, असं ते चिडून म्हणत होते. त्याच महिन्यात नव्या केंद्राच्या प्रमुखपदासाठी हंसाबेनच्या नावाचा विचार चालू होता आणि निर्णय याच साहेबांच्या हातात होता. ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, त्यांनाही.

"साहेब, कमी देते, पण अखंड देते," त्या म्हणाल्या. "पूर्ण व्होल्टेज ठेवलं आणि धुक्यात ठिणगी पडली, तर सगळंच बंद होईल."

"होईलच, असं सांगू शकता?"

"नाही सांगू शकत. पण शिफ्ट माझी आहे, जबाबदारीही माझी."

फोन ठेवून त्या पाणी प्यायल्या आणि मला घेऊन बाहेर व्हरांड्यात आल्या. हॉलच्या भिंतीतून जिथे तार बाहेर येते, तिथल्या लांबलचक इन्सुलेटरवर चर्र चर्र आवाज होत होता. धुक्यात निळसर उजेड सरपटताना दिसला. त्या बराच वेळ बघत उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, "तग धरेल."

धरला. ऊन वर आल्यावर धुकं विरलं, आवाज थांबला आणि त्यांनी स्वतः व्होल्टेज टप्प्याटप्प्याने वाढवलं. शहरात कोणाचा दिवाही मिणमिणला नाही. म्हणून कोणाला काही कळलंही नाही.

पुढे सफाईसाठी केंद्र बंद केलं तेव्हा ते वरिष्ठ मुद्दाम आले. शिडीच्या गाडीतून वर चढले. इन्सुलेटरवर जळल्याच्या काळ्या रेघा उमटल्या होत्या. खाली उतरून त्यांनी हंसाबेनना विचारलं, दर हिवाळ्यात धुक्याच्या वेळी काय करायचं, ते तुम्हीच ठरवून द्याल का? तो नियम आजही आमच्याकडे पाळला जातो. आता ती शिफ्ट मी चालवते आणि नव्या मुलांना भरतीचं आणि होडीचं तेच वाक्य ऐकवते. त्यांपैकी निम्म्यांनी होडी जवळून पाहिलेलीही नसते.

नवं केंद्र हंसाबेननाच मिळालं, पार राजस्थानात. जाण्याच्या आठवड्यात केंद्र पुन्हा देखभालीसाठी बंद होतं, तेव्हा परवानगी काढून त्यांनी वडिलांना हॉल दाखवायला आणलं. लक्ष्मणकाका जन्मभर समुद्रावर गेलेले; लेकीचं काम त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. दाराशी त्यांनी कोणी न सांगताच चपला काढल्या. वर टांगलेल्या मनोऱ्यांकडे मान दुखेपर्यंत बघत राहिले.

"पोरी, हे सगळं तू सांगशील तसं वागतं?"

"नाही बाबा. ते आपल्या नियमानेच वागतं. तो नियम कोणी मोडू नये, एवढं मी बघते."

बाहेर पडताना गेटवर नव्या वॉचमनने पास परत घेतला आणि नाव विचारलं. काकांनी खांदे सरळ केले.

"हंसाबेनचा बाप," ते म्हणाले.