पांढरा म्हणजे किती पांढरा

रंगाच्या दुकानात मागच्या बाजूला, डब्यांच्या थप्पीआड ज्यांचं टेबल होतं त्यांना सगळे मास्तर म्हणत. शिकवत ते कुणालाच नव्हते. गिऱ्हाईक जुन्या भिंतीची खपली घेऊन यायचं. मास्तर पांढऱ्या रंगात थेंब थेंब काळा, पिवळा, तांबडा घालून ढवळायचे, झाकणावर ठिपका देऊन वाळवायचे, डावा डोळा मिटून तो खपलीशेजारी धरायचे आणि म्हणायचे, "घेऊन जा." नेलेला डबा परत आल्याचं दुकानात कुणाला आठवत नव्हतं, आणि मास्तरांना तर नव्हतंच नव्हतं.

अशा माणसाच्या पुढ्यात मालकीणबाईंनी टॅबलेट ठेवला तेव्हा दुकानातल्या लोकांना वाटलं, आता मास्तर तोंड फुगवून बसणार. लोकांचा अंदाज साफ चुकला. मास्तरांनी तो उलटा केला, सुलटा केला, नाकाशी नेऊन वास घेतला, कारण रंगवाल्याला ती खोडच असते, आणि विचारलं, "ह्यातला पांढरा कुठून येतो?"

"कसला पांढरा?"

"हा पडद्यावरचा. मागून काय लावलंय?"

मालकीणबाईंनी चार्जरही त्यांच्या हातात दिला. त्या म्हणाल्या, "घरी न्या आणि हात बसवा. गिऱ्हाइकं आता फोटो पाठवतात, मास्तर. खपल्या काढायला कुणाला वेळ नाही."

घरी मास्तरीणबाई एका दुकानासाठी लहान मुलांचे स्वेटर विणायच्या. त्यांनी सुया बाजूला ठेवल्या आणि दोघं पाटावर बसल्यासारखी त्या वस्तूसमोर बसली. मास्तरांनी बोट टेकवलं. काही हललं नाही. जोर लावला, तरी नाही. मास्तरीणबाईंनी करंगळी लावली तर लगेच चित्र उघडलं.

"मला ओळखत नाही हे," मास्तर म्हणाले.

"ओळखेल कसं? बोटांना रंगाचं अस्तर लावून बसलाय. आधी हात खरवडून या."

हात खरवडून आल्यावर मात्र गाडी सुसाट सुटली. मास्तरांनी एका करड्या भिंतीचा फोटो उघडला आणि दोन बोटांनी मोठा करत करत नेला. शेवटी भिंत गेली आणि बारीक बारीक चौकोन राहिले. एक गुलाबीसर, एक हिरवट, एक निळा. करडा त्यात औषधालाही नव्हता. भिंत कधीच एका रंगाची नसते हे ते आयुष्यभर लोकांना सांगत आले होते आणि लोक मान डोलवून विसरून जात होते. आता पुरावाच हाती आला. त्या संध्याकाळी त्यांनी फोटो काढून काढून पडदे मोठे केले, उशी मोठी केली, झोपलेल्या बायकोचा गाल मोठा केला. ती जागी होऊन म्हणाली, "अहो, मला कशाला त्यात घालताय?"

दुसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाईंकडून फोटो आला. दवाखान्यातल्या बाकामागच्या भिंतीचा पोपडा निघाला होता, तेवढ्यापुरता तोच रंग हवा होता. एरवी मास्तरांनी निरोप धाडला असता, खपली आणा. पण नवा नाद लागला होता. संध्याकाळी घरीच, गॅलरीतल्या छोट्या डब्यांतून त्यांनी रंग कालवला. मग जुळला की नाही हे बघायला जे करायची सवय होती तेच केलं. फोटोवर, थेट काचेवर, ठिपका दिला आणि फुंकर घालून वाळवला. जुळला. ठिपका काढायला नखानं खरवडलं तर फोटो पळाला, दुसरा आला, तिसरा आला, आणि कुणाच्या तरी न्हाणीघराच्या फरशीवर येऊन थांबला. दोघं पोट धरून हसली.

रंग लागला, वाळला, आणि डॉक्टरीणबाईंचा फोन आला. पांढऱ्या भिंतीवर पिवळट थिगळ दिसत होतं. "माझे रोगी तो डाग बघतात आणि मग माझ्याकडे बघतात," त्या म्हणाल्या.

मालकीणबाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मास्तर, डोळे कधी दाखवले होते?"

मास्तरांनी हातातलं झाकण खाली ठेवलं. डोळा गेला तर राहिलं काय? डबे उचलणारा एक वयस्क हमाल. घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं आणि म्हणाले, "मला भीती वाटतेय."

"भिऊन काय कळणार? बघू या तरी," मास्तरीणबाई म्हणाल्या. त्यांनी टॅबलेटवर कोरं पान उघडलं, शेजारी पांढऱ्या लोकरीचा गुंडा ठेवला आणि दोघं उजेडात बसली. पान पांढरं, लोकर पांढरी. चहा झाला. ऊन गेलं, दिवा लागला. मास्तरीणबाई एकदम पुढे झुकल्या. "अहो, हे पिवळं पडलं की."

मुलीला फोन लावला. ती हसली. "बाबा, संध्याकाळ झाली की तो आपणहून पिवळा होतो. डोळ्यांना त्रास नको म्हणून सोय असते ती. बंद करता येते." कुठे दाबायचं तेही तिनं सांगितलं.

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. नाचता येईना अंगण वाकडं, असं कुणी म्हणेल याची धास्ती होती, पण इथे अंगण खरोखरच वाकडं निघालं होतं. त्यांनी सोय बंद केली. पान पुन्हा पांढरंशुभ्र झालं. ते खुशीत बघत बसले आणि मग, कुतूहल माणसाला स्वस्थ बसू देत नाही, त्यांनी डावा डोळा मिटला. नेहमी मिटायचे तसाच. पान पिवळट झालं. उघडला, पांढरं. उजवा मिटला, पांढरंच. पुन्हा डावा मिटला.

"तू कर बघू असं," ते म्हणाले.

मास्तरीणबाईंनी आळीपाळीनं दोन्ही डोळे मिटून पाहिले. "मला दोन्हीकडून सारखंच दिसतंय," त्या म्हणाल्या. ज्या डोळ्यानं मास्तर रंग जुळवत आले, तोच पिवळा बघत होता.

सकाळी त्यांनी मालकीणबाईंना टॅबलेटची करामत दाखवली. "म्हणजे दोष ह्याचा," बाई सुटका झाल्यासारख्या बोलल्या. तिथेच गप्प बसता आलं असतं.

"अर्धा ह्याचा," ते म्हणाले. "अर्धा माझ्या उजव्या डोळ्याचा."

बाईंनी टेबलावरची झाकणं उचलून त्यांवरचे ठिपके बघितले. मग म्हणाल्या, "मोतीबिंदू असणार. ऑपरेशन करून घ्या. तोवर टेबल तुमचंच. पण डबा बाहेर जायच्या आधी दुसऱ्या कुणीतरी बघायला हवा."

दुसऱ्या कुणीतरी. मास्तरांना हे लागलं, फार लागलं. त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन स्वतःच्या हातानं खपली काढली, घरी आणली आणि भर दुपारी गॅलरीत बसून एका झाकणावर दोन ठिपके वाळवले. दोन्ही पांढरे. रंग जुळवायची सवय नसलेला डावा डोळा उजवीकडच्या ठिपक्यावर ठाम होता, म्हणजे बराचसा ठाम होता.

त्यांनी बायकोला हाक मारली. इतक्या वर्षांच्या संसारात लोकरीचे रंगसुद्धा तेच तिला सांगत आले होते. झाकण आणि खपली तिच्या हातात देऊन ते म्हणाले, "तुला काय दिसतं?"

मास्तरीणबाई कठड्याशी गेल्या. झाकण तिरपं केलं, सरळ केलं, खपली एकाला लावली, दुसऱ्याला लावली. मास्तर उभे राहून वाट बघत होते.

"डावीकडचा," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी मान हलवली आणि डावीकडचाच रंग डब्यात भरला.