अण्णांचा शब्द आणि ताईची सही

मोबाईलवर ‘अण्णा’ अशी अक्षरं उमटली आणि मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. वय वर्षं सेहेचाळीस, चाकणच्या कंपनीत डिझाइन विभागाचा प्रमुख, समोर चार पोरं कॉम्प्युटरवर काम करताहेत, आणि साहेब बापाचा फोन घ्यायला उभे! ही सवय मला कधी मोडता आली नाही. पलीकडून मात्र आवाज आला तो बाळूचा, माझ्या चुलतभावाचा. “दादा, अण्णा गेले... तुझा नंबर माझ्याकडं नव्हता, म्हनून त्यांच्याच फोनवरनं लावला.” दुःख झालं का, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर असं की आधी भीती वाटली. क्षणभर सुटल्यासारखं झालं होतं, आणि ते अण्णांना कळलं तर, याची भीती.

त्याला आता सहा आठवडे झाले. मोशीच्या चौकापासून आमच्या दारापर्यंत लागलेले श्रद्धांजलीचे फ्लेक्स अजून उतरलेले नाहीत. त्यांवर अण्णा हात जोडून उभे आहेत. हयातीत त्यांनी फक्त मतं मागताना हात जोडले, पण ते असो. खाली शोकाकुलांची यादी आहे. माझं नाव पहिलं, मग पुतणे, मग मी कधी पाहिलेलीही नाहीत अशी डझनभर माणसं. अण्णांच्या एकुलत्या एक मुलीचं, माझ्या ताईचं नाव कुठंच नाही. मी हे लिहायला बसलो तो त्यामुळं.

लोक अण्णांबद्दल चांगलं बोलतात ते सगळं खोटं नाही. सरपंच असताना त्यांनी अडल्या-नडल्याला दवाखान्यात पोचवलं, पोरांना कंपन्यांत चिकटवलं. पण केलेल्या उपकाराची आठवण ठेवायचं काम ते समोरच्यावर सोडत नसत, स्वतःच करून देत. जेवायला बसलेला माणूस त्यांना बघून ताटावरून उठला की त्यांचा चेहरा खुलायचा. मी सातवीत असताना माझी नवी सायकल त्यांनी भर सभेत एका कार्यकर्त्याच्या मुलाला देऊन टाकली. टाळ्या पडल्या. मी टाळी वाजवत नाही हे त्यांनी व्यासपीठावरून पाहिलं आणि माईकवरच म्हणाले, “आमच्या चिरंजीवांचे हात दुखत्यात वाटतं.” सगळे हसले. मग मी टाळ्या वाजवल्या... बराच वेळ वाजवल्या, कारण थांब असं कुणी म्हणेना. आई तेव्हा नव्हती, ती त्याआधीच गेली होती. ताईनं मला घरी आणलं, भात कालवून पुढं केला आणि “रडून घे” म्हणाली. माझी आई ती अशी झाली, सहा वर्षांनी मोठी असलेली ताई.

तिचं लग्न होऊन ती खेडच्या पुढं नांदायला गेली आणि मी अण्णांच्या हातात एकटा सापडलो. नोकरी लागल्यावर मी ताथवड्याला भाड्याची खोली बघितली. घरात कुणाला बोललो नव्हतो. तिसऱ्या दिवशी अण्णांच्या माणसांनी आमच्या कंपनीच्या गेटवर दोन पाण्याचे टँकर आडवे लावले. पहिल्या शिफ्टची माणसं आत अडकली, दुसऱ्या शिफ्टची बाहेर. मॅनेजरनं मला बोलावून एवढंच विचारलं, “ते तुमचे वडील ना?” मी गेटवर गेलो. अण्णा जीपमध्ये बसून शेंगदाणे खात होते.

“खोली बघितलीस म्हनं?”

“न्हाई.”

“मग जा. सायबाला सांग, उघडतंय गेट.”

तेवढंच. आवाज चढला नाही, शिवी नाही. आत कामगार मला ‘थँक्यू दादा’ म्हणत होते, आणि मला मात्र कळून चुकलं होतं की माझ्या नकाराची शिक्षा नेहमी दुसऱ्या कुणाला तरी होणार. मी खोलीचा नाद सोडला. अण्णांना ‘नाही’ म्हणायचंही सोडलं.

त्याच वर्षीची दिवाळी. ताई भाऊबिजेला आली होती. दुसऱ्या दिवशी मी तिला गाडीनं सासरी सोडायचं ठरलं होतं. वाटेत नोंदणी कार्यालयापाशी अण्णा आधीच येऊन थांबले होते, सोबत वकील, कागद तयार आणि पिशवीत एक भारी साडी. चाकणच्या बाजूला आजोबांची जमीन होती. तिचे भाव वाढले होते. आपला वाटा ताई राजीखुशीनं सोडते, असा तो कागद. “भावाला देतीस, परक्याला न्हाई. कर सही, बाई,” अण्णा म्हणाले. ताईनं कागदाकडं नाही, माझ्याकडं पाहिलं. मी वकिलाच्या बुटांकडं बघत राहिलो. तिनं सही केली, अंगठा उमटवला, साडी टेबलावर तशीच ठेवली आणि बाहेर जाऊन एसटीत बसली. संध्याकाळी तिचा फोन आला. “तुला म्हाईत व्हतं का रे?” मी म्हणालो, “न्हाई, ताई.” त्यानंतर एकोणीस वर्षं ती आमच्या घराची पायरी चढली नाही. मी दर दिवाळीला जात राहिलो, ती ओवाळत राहिली. तो प्रश्न तिनं पुन्हा काढला नाही, आणि माझ्यात धमक नव्हती. अण्णांचा मी आयुष्यभर राग केला, पण त्या एका ‘न्हाई’ला ते काही जबाबदार नव्हते.

अंत्यविधीला ती आली, लांब उभी राहिली आणि तिथूनच परत गेली. तेरावं झाल्यावर बाळू आणि मंडळी मागं लागली, “दादा, आता तू बस बैठकीत. लोकांनी जायचं कुनाकडं?” ताईचा विषय काढला तर बाळू म्हणाला, “सही हाय की तिची. मिटला विषय.” अगदी अण्णांचाच सूर... आणि मला भीती याची वाटली की मलाही ते क्षणभर सोयीचं वाटलं. त्याच दिवशी मी ताईला फोन केला.

गेल्या रविवारी ती आली. मी तिला अण्णांच्या बैठकीत नेलं. खुर्चीवर बसताना ती जरा दचकली. “ह्या खुर्च्या बुटक्या झाल्या का रे?” मी सांगितलं की अण्णांनी सुतार बोलावून समोरच्या सगळ्या खुर्च्यांचे पाय दोन-दोन बोटं कापून घेतले होते. येणारा कुणीही असो, त्यानं अण्णांकडं मान वर करूनच बघायचं. ताई खळखळून हसली, मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिच्याशेजारच्या तसल्याच खुर्चीवर बसलो. वकिलाशी बोललोय, निम्मी जमीन तुझ्या नावावर करतोय, म्हणालो.

“करशील तवा कर,” ती म्हणाली. “तुला म्हाईत व्हतं का, ते सांग.”

तोंडात पुन्हा तेच ‘न्हाई’ आलं होतं. समोर अण्णांची उंच, रिकामी खुर्ची.

“व्हतं,” मी म्हणालो. “भाऊबिजेच्या सकाळीच अण्णांनी सांगितलं व्हतं. तू मला ओवाळत व्हतीस, तवाबी म्हाईत व्हतं.”

तिनं मान हलवली. रागावली नाही, रडली नाही.

“मला गाडीतच कळलं व्हतं,” ती म्हणाली. “रस्ता मोकळा, आन् तू गाडी बैलगाडीवानी चालवत व्हतास. मी गप बसून व्हते... म्हनलं, आता वळवंल. आता वळवंल.”