निळ्या चौकोनांची बाई

माझी भाची संगणकाचे प्रोग्रॅम लिहिते. नवऱ्याला सोडून आली तेव्हापासून माझ्याकडेच राहते. बोलणं कमी, चहा फार.

तिच्या ऑफिसात भिंतभर पडदा आहे. प्रत्येक काम म्हणजे एक चौकोन, करणाऱ्याच्या रंगाचा. पूर्वी रंगांवरून भांडणं होत. मग हिने तोड काढली: नावातल्या अक्षरांचे आकडे करायचे आणि आकड्यांचा रंग. तेच नाव, तोच रंग, कुठल्याही मशीनवर. हिला गर्द निळा मिळाला, शेजारच्या चष्मेवाल्याला गढूळ पिवळा.

"ताई, माझ्यापुरती प्रोग्रॅममध्ये एक ओळ घाला की! पोट बिघडल्यासारखा दिसतो हा रंग."

"एकाला सूट दिली की सगळे रांग लावतील. इथे वशिला चालत नाही," ही सगळ्यांदेखत म्हणाली. लोक हसले.

घटस्फोट मिळायला वर्षं गेली. मिळाल्याबरोबर तिने माहेरचं आडनाव लावलं, ऑफिसातही. अक्षरं बदलली तसा रंग बदलला, राखाडी झाला. झालेल्या कामावरचं नाव मात्र बदलता येत नाही, तेव्हा जुने चौकोन निळेच राहिले. ते कोणाचे, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं.

मग नवे साहेब आले. त्यांना विभागप्रमुख नेमायचा होता. पडदा पाहून म्हणाले, "या निळ्या बाई सोडून गेल्या वाटतं? कामाच्या होत्या."

"त्या मीच."

"असाल. पण मी पडद्यावर दिसतं तेवढंच धरतो. नाहीतर उद्या कोणीही म्हणेल, ते चौकोन माझे."

चष्मेवाला शेजारीच बसला होता. तो नखं बघत राहिला.

घरी मी म्हटलं, "घाल ना एक ओळ. दोन्ही नावं एकाच बाईची, एवढंच तर सांगायचंय."

"त्याला नाही म्हटलं होतं, मावशी. आता कुठल्या तोंडाने घालू?"

"तोंड जाऊ दे खड्ड्यात. जागा जाईल."

तिने ओळ घातली नाही. ऑफिसात कोणतं नाव वापरायचं, ते ज्याचं त्याने ठरवायचं असतं. सोमवारी तिने नवऱ्याचं आडनाव परत भरलं, रंग पुन्हा निळा झाला. नियमात बसत होतं. साहेब खूश झाले, जागा तिला मिळाली. तिच्या केबिनच्या दारावर त्या माणसाच्या आडनावाची पाटी लागली.

त्याला कोणीतरी कळवलं. परवा त्याचा फोन आला. मी समोर भाजी निवडत होते, स्पीकर चालू होता.

"शेवटी आमचंच आडनाव कामाला आलं म्हणायचं!"

"मीटिंग आहे," म्हणाली आणि फोन ठेवला. रविवार होता.