मोठे मॉनिटर

स्टुडिओत तिला सगळे ‘कान’ म्हणायचे. गायकाचा गळा, गिटार, ढोल यांचा मेळ बसवायची ती आणि नाव लागायचं सरांचं. एका गाण्याला बक्षीस मिळालं तेव्हा तिनं धीर करून विचारलं, “सर, कुठंतरी माझंही नाव?”

सर सगळ्यांदेखत हसले. “बटणं फिरवणाऱ्यांची नावं लावायची, तर दार उघडणाऱ्याचंही लावावं लागेल!”

त्याच दुपारी तिनं नोकरी सोडली. राग मात्र सोडला नाही.

सासूबाईंनी शिलाई मशीन बाहेर काढून तिला आपली खोली दिली. खोली कसली, खुराडंच! पण तिला सरांच्या नाकावर टिच्चून दाखवायचं होतं. म्हणून तिनं मिक्सिंगसाठी सरांकडे होते तसलेच थोराड मॉनिटर, म्हणजे स्टुडिओचे स्पीकर, आणले आणि भिंतीला चिकटवून ठेवले. खर्जाचा नुसता गडगडाट. तो जास्त वाटतो म्हणून ती कमी करायची आणि तेच गाणं दुसरीकडे वाजवलं की पाणी घातलेल्या आमटीसारखं पातळ लागायचं.

“अगं, मी तुझ्या खुर्चीत बसले की छाती धडधडते नि दारात उभी राहिले की काहीच नाही,” सासूबाई म्हणाल्या. “खोलीच खोटं बोलतेय.”

तिनं मुकाट्यानं लहान मॉनिटर आणले, कानाच्या उंचीवर, भिंतीपासून पुढे ओढून ठेवले. कोपऱ्यांत जुन्या गाद्या उभ्या केल्या. गाणं जसं होतं तसं ऐकू येऊ लागलं. मोठे मॉनिटर खोक्यात बांधून व्हरांड्यात पडले.

आणि एक दिवस सरच दारात! स्टुडिओची जागा गेली होती, आता घरच्याच लहानशा खोलीत काम करणार होते. मॉनिटर कुठले घ्यावेत, विचारायला आले होते. विचारायला आले खरे, पण तिचे मॉनिटर बघून म्हणाले, “ही खेळणी? तुला शोभतात. बाहेरचे ते मोठे विकतेस का?”

एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या ओठांवर आलंही होतं.

“न्या ना, सर,” ती गोड हसून म्हणाली. खोकी गाडीत चढवायला हातही लावला.

“सांगायचंस की गं,” सासूबाई कुजबुजल्या.

“त्यांनी कधी माझं नाव सांगितलं?”

मग सरांची गाणी एकेक करून पातळ पडू लागली. त्यांची हक्काची गायिका दोनदा रुसली आणि तिसऱ्यांदा हिच्या खुराड्यात येऊन बसली. नवा अल्बम निघाला, त्यावर हिचं नाव. त्याच आठवड्यात सरांचा फोन आला.

“अगं, खर्ज कुठं जातो माझा?”

“जात नाही, सर. तुमच्या खोलीत तो फुगतो, म्हणून तुम्हीच कापता. त्या खोलीला ते मॉनिटर मोठे आहेत.”

“तुला तेव्हाच माहीत होतं?”

“हो.”

फोन आपटल्याचा आवाज तिनं नीट ऐकला. दया येईल असं वाटलं होतं, आली नाही. बाहेर गायिका खोळंबली होती. तिनं तिला आत बोलावलं.