काकूंचा चष्मा आणि माझी लाल सही

मंडळी, आज दुपारी स्वतःचीच लाज वाटली. सांगून टाकतो.

मी लाखनीजवळच्या शाळेत विज्ञान शिकवतो. पोरगी दहावीत, पेपर परवावर आलाय. घरी आलो तर ती अंगणात शेजारच्या सिंधूकाकूंजवळ बसलेली, पुस्तक बंद. काकू तांदूळ निवडत होत्या.

"पेपर तोंडावर आला अन् तू गप्पा हाणून राहिली?" काकूंसमोरच मी तिच्यावर ओरडलो.

काकूच बोलल्या, "गप्पा नाही गुरुजी. पोरगी मले शिकवून राहिली. मले जवळचं दिसत नाही, मनून माह्या चष्म्याचं भिंग मधात जाड. बहिर्गोल मनतात त्याले."

काकू चौथी शिकलेल्या.

पोरगी खाली मान घालून म्हणाली, "काकूले सांगता सांगता अडली का समजते, माहं कुठं कच्चं आहे. मंग तेवढंच पुस्तकात पाहतो."

भिंगाचं हेच उत्तर मी तिला मागच्या आठवड्यात दहा वेळा लिहायला लावलं होतं. ती वही आत्ता उघडून पाहिली. दहाही वेळा 'अंतर्गोल' लिहिलंय. खाली बरोबरची लाल खूण आणि माझी सही. वाचलंच नव्हतं मी.

शाळेतली पोरंही माझ्या अशाच सह्यांच्या वह्या घेऊन उजळणी करताहेत. उद्या त्यांना कोणत्या तोंडानं विचारू, अभ्यास झाला का?